दोन कॉलमचं मराठी पान लावताना

पेजमेकरवर शिकत होते तेव्हा प्रेसचे मालक म्हणायचे, "आधी बेरीज कर, मग माऊसला हात लाव." आता काम इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर चालतं, पण गणपतीच्या सुमारास दिवाळी अंकांचं मॅटर यायला लागलं की मी अजूनही पेन्सिलच शोधते. हे सॉफ्टवेअर मुळात रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनलंय, त्यामुळे त्यात आधीपासून भरलेले आकडे आपल्याला थोडे थोडे चुकतात. तेवढे बदलले की निम्मं काम झालं.

समजा पान १८० बाय २४० मिलिमीटरचं आहे. शिवणीकडे १८, बाहेर १४ सोडले की मजकुराला १४८ उरतात. मधे गटर, म्हणजे दोन कॉलममधली मोकळी जागा, ६ ठेवलं, तर प्रत्येक कॉलम ७१ मिलिमीटरचा. बारा पॉइंटात त्यात साधारण सहा-सात शब्द बसतात, वाचायला छान. इनडिझाइन स्वतःहून ४.२३३ मिलिमीटर गटर देतं, म्हणजे एक पायका (बारा पॉइंट). मला ते कमी वाटतं. आपल्या ओळीला शिरोरेषा असते. गटर अरुंद असलं की डावीकडची रेघ उजवीकडच्या रेघेला भिडल्यासारखी दिसते आणि वाचणारा सरळ पलीकडे जातो. फ्रेम निवडा, कंट्रोल+बी दाबा, कॉलम दोन करा आणि गटरमध्ये ६ भरा.

तीन कॉलमचा मोह मी फक्त राशिभविष्याला पुरवते. बारा राशी, कॉलमला चार. हिशेब आपोआप जुळतो. ५ चं गटर धरून ४६ मिलिमीटरचा कॉलम मिळतो, त्यात "विद्यार्थ्यांसाठीसुद्धा" आलं की बाकीच्या शब्दांनी उभं राहायचं कुठे? तिथे मजकूर दोन्ही बाजूंनी ताणू नका, डावीकडून सरळ ठेवा.

मॅटर ओतल्यावर जोडाक्षरं फुटली किंवा पहिली वेलांटी भलत्या जागी गेली, तर फॉन्टला शिव्या देण्याआधी पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर निवडलाय का ते बघा. इनडिझाइनऐवजी स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर जुनी १.४ नको, १.६ घ्या.

आता ओळींमधलं अंतर. सॉफ्टवेअर स्वतःहून देतं ते ऑटो लीडिंग १२० टक्के, म्हणजे बारा पॉइंटाला १४.४. वरच्या ओळीत "राष्ट्रकूट" आणि बरोबर त्याच्या खाली "पूर्वींच्या" आलं, की वरचे ट्र-कू आणि खालचे रफार, वेलांटी, अनुस्वार एकमेकांच्या अंगावर. मी १६ ठेवते. मग मजकुराची उंचीही सोळाच्या पटीत: ३६ ओळी म्हणजे ५७६ पॉइंट, २०३.२ मिलिमीटर. वर १७ सोडले की खाली १९.८ उरतात. प्रेफरन्सेसच्या ग्रिड्समध्ये बेसलाइन ग्रिड (ओळी बसवायच्या आडव्या रेघांची जाळी) १६ पॉइंटची करा, सुरुवात टॉप मार्जिनपासून शून्यावर ठेवा आणि मजकुराच्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये "अलाइन टू ग्रिड" चालू करा. दोन्ही कॉलमच्या ओळी शेजारी शेजारी येतात. उपशीर्षक आणि त्याभोवतीची मोकळी जागा मिळून पूर्ण दोन किंवा तीन ओळी भराव्यात, अडीच नाही.

जस्टिफिकेशन, म्हणजे ओळ दोन्ही बाजूंनी ताणून बसवणं, मला मात्र महागात पडलंय. पहिल्याच वर्षी एका कथेत शब्दांमधली भगदाडं बुजवायला मी लेटर स्पेसिंगची कमाल दहा टक्के करून ठेवली. स्क्रीनवर काही वाटलं नाही. सोळा पानी फॉर्म (एकत्र छापलेला पानांचा ताव) छापून आला, तेव्हा संपादकबाई म्हणाल्या, "अगं, शब्दांना भेगा पडल्यात." अक्षरांत अंतर गेलं की शिरोरेषा तुटते, दुसरं काय होणार! तेव्हापासून लेटर स्पेसिंगच्या तिन्ही रकान्यांत शून्य. वर्ड स्पेसिंग किमान ८५, नेहमीचं १००, कमाल १२५ आणि ग्लिफ स्केलिंग (अक्षराची रुंदी कमी-जास्त करणं) ९८ ते १०२. तरीही एखादी ओळ विरळ राहिलीच, तर लेखकाला विचारून एक शब्द बदलून घेते. बहुतेक जण हो म्हणतात. कवींना विचारत नाही. कविता मी कॉलममध्ये घालतच नाही.

कथेचं नाव दोन्ही कॉलमांवर पसरायला वेगळी फ्रेम करू नका. शीर्षकाच्या स्टाइलमध्ये स्पॅन कॉलम्स लावा, म्हणजे मॅटर सरकलं तरी नाव बरोबर येतं. पुढच्या कॉलमला उडी मारायला एंटरवर एंटर मारायची सवय मोडा. नंबर पॅडवरचं एंटर एकदाच दाबलं की कॉलम ब्रेक पडतो. कीप ऑप्शन्समध्ये परिच्छेदाच्या सुरुवातीला आणि शेवटी किमान दोन ओळी एकत्र ठेवा. कथेच्या शेवटच्या पानावर, आणि फक्त तिथेच, बॅलन्स कॉलम्स. सगळीकडे लावलंत तर ऐनवेळी पाव पान जाहिरात येईल (ती येतेच) आणि अर्धवट भरलेल्या पानांवरचा मजकूर दोन्हीकडे समान वाटला जाऊन खाली पोकळ जागा दिसेल.

प्रूफ काढताना प्रिंटच्या खिडकीत "स्केल टू फिट" नको, १०० टक्के ठेवा. नाहीतर बारा पॉइंट खरंच वाचता येतात का, ते कळणारच नाही.