नवीन भाषेच्या वर्गात बोलतं करायचंय? मग व्हिडिओ अर्ध्यांनाच दाखवा

परदेशी भाषेचा बिगिनर वर्ग असला आणि प्रोजेक्टर लावला की सगळे एकदम शांत होतात, आपल्याला वाटतं काय मस्त लक्ष देतायत, पण तोंड कुणीच उघडत नाही, कारण सगळ्यांनी तेच बघितलेलं असतं, मग कुणी कुणाला काय सांगायचं? म्हणून अर्ध्यांपासून व्हिडिओ लपवायचा.

३० सेकंदांची साधी क्लिप घ्या, समजा एक माणूस घरभर चावी शोधतोय. आवाज बंद. जोड्या पाडा, एकाचं तोंड स्क्रीनकडे, दुसऱ्याची पाठ. बघणारा सांगत जाईल, "माणूस. खोली. चावी नाही." एवढं पुरे! पाठ करून बसलेल्याने विचारायचं, "कुठे? टेबलाखाली?" मग दोघांनी मिळून परत बघायचं, काय राहिलं ते बोलायचं, आणि पुढच्या क्लिपला जागा बदलायच्या. लागणारे सहा-सात शब्द नि दोन प्रश्न आधीच फळ्यावर लिहा आणि पुसू नका प्लीज, नवख्या माणसाला तोच आधार असतो. मधेच चुका काढू नका, लिहून ठेवा, शेवटी दोनच सांगा.

दुसरं म्हणजे पॉज. दार उघडतंय तिथेच थांबवा, "कोण असेल?" विचारा आणि गप्प राहा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमध्ये बघितलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबतात, ३ सेकंद थांबले की उत्तरं लांब येतात. परक्या भाषेत तर वाक्य जुळवायलाच वेळ जातो, मनात पाचपर्यंत मोजा.

मातृभाषेतले सबटायटल्स बंदच ठेवा, नाहीतर सगळे वाचत बसतात. आवाजाची क्लिप असेल तर दुसऱ्यांदा ०.७५ स्पीडला लावा.

फोनचा रेकॉर्डर पण कामाचा आहे. ४/३/२ नावाची पद्धत आहे, तीच गोष्ट नव्या जोडीदाराला आधी ४ मिनिटांत, मग ३, मग २ मिनिटांत सांगायची. बिगिनर्सना ४ मिनिटं फार होतात, त्यांना ६०, ४५, ३० सेकंद द्या. पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग ज्याचं त्यानेच ऐकायचं, न विचारता ग्रुपवर टाकायचं नाही, लाजरी माणसं कायमची गप्प होतात हो.

क्लिप आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि स्क्रीन नसेलच तर एकाच्या फोनवर फोटो, दुसऱ्याच्या हातात कागद-पेन्सिल, ऐकून चित्र काढायचं.