पोलीस "सिव्हिल मॅटर आहे" म्हणाले तर काय करायचं

लोकलमध्ये मोबाईल मारणारा पोरगा सापडला की आधी पब्लिक धुते मग पोलीस, संध्याकाळपर्यंत तो आत. स्कीममध्ये अख्ख्या चाळीचे पैसे बुडवणारा शेठ मात्र बाहेरच. कायद्यात खरं तर उलटं आहे, साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेत ३ वर्षांपर्यंत आणि फसवून पैसे उकळले तर कलम ३१८(४) खाली ७ वर्षांपर्यंत. शेठ सुटतो तो एफआयआरच्या आधीच, ठाण्यातल्या टेबलावर, "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा" या एका वाक्यावर.

म्हणून सगळा जोर अर्जावर लावा. बहुतेक जण लिहितात "माझे पैसे परत मिळवून द्यावेत ही विनंती", झालं, ती वसुली म्हणजे सिव्हिल मॅटर ठरते आणि साहेब वकिलाकडे पाठवतात. लिहायचं हे की पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता, आणि तो दिसेल असं काहीतरी द्यायचं: महिन्याला ४ टक्के हमखास म्हणून सांगितलं, स्वतःचं म्हणून दाखवलेलं ऑफिस भाड्याचं निघालं, आमचा चेक घेतला त्या दिवशी आधीच्या लोकांचे हप्ते थकलेलेच होते (हा मुद्दा सापडला तर सोनं समजा). तारीख, रक्कम, चेक नंबर, समोर कोण होतं, सगळं ओळीने. पावत्या, बँक स्टेटमेंट जोडा, व्हॉट्सअॅप चॅट उडवू नका.

एकटे जाऊ नका. ठेवीदार बरेच असतील तर अर्जात एमपीआयडी लिहाच, महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदारांचा कायदा, शिक्षा ६ वर्षांपर्यंत पण खरी ताकद मालमत्ता जप्तीत आहे, ठेवींच्या पैशातून दुसऱ्याच्या नावावर घेतलेलीसुद्धा. एनएसईएल (नॅशनल स्पॉट एक्सचेंज) च्या ५,६०० कोटींच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हाच कायदा लागू धरला, घोटाळा २०१३ चा, म्हणजे दम किती लागतो ते बघा.

पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. "चौकशी चालू आहे" म्हणतील, पैशाच्या व्यवहारात एफआयआरआधी चौकशी करायची तेवढी मुभा सुप्रीम कोर्टाच्या ललिता कुमारी निकालाने २०१३ लाच दिलीय. एफआयआर नाकारला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने एसपींना, मुंबई-पुण्यात डीसीपींना, आणि तरी ढिम्म असतील तर प्रतिज्ञापत्र जोडून मॅजिस्ट्रेटकडे, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७५(३) खाली. पोस्टाची पावती जपा, वरिष्ठांकडे गेलात का हे तिथे पहिलं विचारतात.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर हे सगळं नंतर, आधी लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.