बाण काढण्याआधी चालून बघा

एका रुग्णालयाच्या पाट्या करताना मी 'एक्स-रे' या शब्दाशेजारी खाली टोक असलेला बाण लावला. मला म्हणायचं होतं 'सरळ पुढे'. महामार्गावरच्या कमानीवर असा बाण आपल्या लेनकडे बोट दाखवतो, तेच माझ्या डोक्यात बसलेलं. पण पाटीला लागूनच तळघराचा जिना होता. दोन दिवस पेशंट खालच्या गोदामात जाऊन एक्स-रे शोधत होते. मग बाण वर वळवला आणि पाटीही जिन्यापासून चार पावलं लांब नेली, कारण जिन्याजवळ वरचा बाण म्हणजे वरचा मजला. जिनाच दाखवायचा असेल तर बाण तिरका काढा.

तेव्हापासून कॉम्प्युटर उघडण्याआधी मी कागदी बाण चिकटपट्टीने भिंतीवर लावतो आणि नवख्यासारखा चालत येतो. पाय जिथे घुटमळतात, तिथे पाटी. वळण मागे पडल्यावर लावलेली पाटी फक्त चूक कळवते.

डावा बाण मजकुराच्या डावीकडे, उजवा उजवीकडे. उलट केलंत तर टोक शब्दातच घुसतं. डावीकडची ठिकाणं एका गटात ठेवा, उजवीकडची दुसऱ्या.

देवनागरीत खरी गंमत उंचीची. सॉफ्टवेअर बाणाला वेलांटी-उकारांसकट अख्ख्या ओळीच्या मध्यावर बसवतं, ते डोळ्याला खटकतं. शिरोरेषा आणि अक्षराचा पाया यांच्या मधोमध बाणाची दांडी आणा. ती शिरोरेषेच्या पातळीत आली तर शब्दालाच शेपूट फुटल्यासारखं दिसतं. दांडीची जाडी साधारण कान्याएवढी, टोक 90 अंशांच्या आसपास उघडं. भाल्यासारखं निमुळतं टोक लांबून नुसती रेघ वाटतं. पिसं वगैरे लग्नपत्रिकेसाठी ठेवा.

फेडएक्सच्या लोगोत ई आणि एक्सच्या मधे लपलेला बाण (डिझायनर लिंडन लीडर, 1994) मला फार आवडतो. पण तो सापडायला अनेकांना वर्षं लागतात; पाटीला तेवढा वेळ नसतो.

आपत्कालीन दाराच्या हिरव्या पाटीवर धावणारा माणूस आणि बाण एकाच दिशेला आहेत ना, हे छपाईआधी बघा. धूर भरल्यावर कोण विचार करत बसणार?

शेवटी, जागा न पाहिलेल्या कुणाला तरी एकट्याने चालवा. तो थबकेल तिथे खडूने खूण करा. 'अहो, डावीकडे' असं तुमच्या तोंडातून निघालं की चाचणी बाद, दुसरा माणूस शोधा.