डी अँड डी मध्ये मॉन्स्टर चालवायचा कसा? स्टॅट ब्लॉकमधली एक ओळ पकडा

डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) हा गोष्ट रचत, डाइस टाकत खेळायचा गेम, आणि त्यातली गोष्ट आणि मॉन्स्टर जो चालवतो तो डीएम (डन्जन मास्टर). नवीन डीएमच्या टेबलवर एक गोष्ट नेहमी दिसते. गॉब्लिन येतात, समोर उभे राहतात, तलवारी चालतात, कोणाचे तरी एचपी (जीव किती उरला त्याचे पॉइंट) संपतात, लढाई संपली. पुढच्या खोलीत ऑर्क येतात आणि तेही डिट्टो तसंच लढतात, फक्त आकडे मोठे. प्लेयर्स मग मोबाईल काढून बसतात आणि डीएमला वाटतं की आपली स्टोरी बोअर झाली. स्टोरी बरी असते हो, मॉन्स्टर सगळे सारखे वागतात हा प्रॉब्लेम आहे.

यावर मी वापरते ती पद्धत अगदी सोपी आहे. स्टॅट ब्लॉक, म्हणजे पुस्तकातली त्या मॉन्स्टरच्या माहितीची चौकट, उघडला की एसी (वार लागायला किती आकडा हवा), एचपी, स्ट्रेंथ वगैरे आधी सोडून द्या, खाली खास गुण लिहिलेले असतात तिथे जा आणि अशी एक ओळ शोधा जी दुसऱ्या मॉन्स्टरकडे नाही. मग स्वतःला विचारा, ही ताकद असलेला प्राणी राहील कुठे, शिकार कशी करेल आणि पळून कधी जाईल. बस, तुमचा एन्काउंटर (मॉन्स्टरशी गाठ पडण्याचा प्रसंग) इथेच तयार होतो, आकडे नंतर बघायचे. (मी आकडे २०१४ च्या पाचव्या एडिशनचे देतेय, २०२५ च्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (मॉन्स्टरच्या पुस्तकात) त्यातले काही बदललेत.)

गॉब्लिनपासून सुरू करू कारण सगळेच तिथून करतात. एसी १५, एचपी फक्त ७, म्हणजे एका घावात आडवा. पण त्याची ओळ आहे निंबल एस्केप: दर टर्नला हल्ला करून झाल्यावर बोनस अ‍ॅक्शनमध्ये (त्याच टर्नमधली छोटी जादा कृती) तो लपू शकतो किंवा तुमच्या तलवारीच्या टप्प्यातून फटका न खाता सटकू शकतो, वर स्टेल्थला, म्हणजे लपण्याच्या डाइसला, +६. आता असा प्राणी उघड्या मैदानात कशाला उभा राहील? त्याला जंगलातला वळणाचा रस्ता द्या, आडवं पडलेलं झाड, दोन्ही बाजूला झुडपं. गॉब्लिन एकत्र ठेवू नका, दोघं इकडे दोघं तिकडे, रस्त्यापासून चाळीस-पन्नास फुटांवर, नाहीतर विझर्डच्या एका स्पेलमध्ये सगळे साफ होतील. बाण मारायचा, खाली वाकायचं, लपायचं. लपणं जमलं तर पुढचा बाण अ‍ॅडव्हान्टेजने, म्हणजे दोन डी-ट्वेंटी (वीस बाजूंचे डाइस) टाकून मोठा आकडा घ्यायचा. आणि बाण मारला की जागा बदलायची, हे विसरू नका, यामुळेच प्लेयर्सना वाटतं की झाडीत दहा जण आहेत.

पण जपून हां. चार गॉब्लिन म्हणजे प्रत्येकी ५० प्रमाणे २०० एक्सपी (मॉन्स्टर हरवल्याचे अनुभवाचे पॉइंट), आणि संख्या तीन ते सहा असली की डीएम गाईडप्रमाणे (डीएमसाठीचं नियमपुस्तक) लढाई किती अवघड ते ठरवताना ते दुप्पट धरायचे, म्हणजे ४००. चार फर्स्ट लेव्हल कॅरेक्टर्ससाठी ४०० ही 'डेडली'ची, म्हणजे जीवघेण्या लढाईची, सुरुवात आहे! बाणाचं डॅमेज सरासरी ५ आणि विझर्डकडे एचपी असतात सात-आठ, दोन बाण लागले की विझर्ड खाली. म्हणून घात लावून हल्ला करणार असाल तर दोन गॉब्लिननी सुरू करा, उरलेले तिसऱ्या राउंडला आवाज ऐकून येतील, आणि टेबलवर फारच हाल झाले तर ते येणारच नाहीत.

पळण्याबद्दल. जुन्या १९८१ च्या बेसिक नियमांत प्रत्येक मॉन्स्टरला मोराल नावाचा आकडा असायचा, पहिला साथीदार पडला किंवा निम्मे गारद झाले की दोन सहा-बाजूंचे डाइस टाकायचे, बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की मंडळी पळाली. पाचव्या एडिशनच्या डीएम गाईडमध्येही विझडम सेव्हचा (धीर टिकतो का ते बघायला टाकायचा डाइस) ऐच्छिक नियम आहे, डीसी १०, म्हणजे बेरीज किमान १० हवी, पण तो वापरताना मला कोणी फारसं दिसत नाही आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. निम्मे गॉब्लिन मेले की बाकीच्यांनी पळायलाच हवं, ज्याला जगायचंय तो शेवटच्या एचपीपर्यंत लढत नाही. एखादा हात वर करून शरण येऊ द्या. शरण आलेला गॉब्लिन म्हणजे नकाशा, बातमी, सौदा आणि पार्टीत (प्लेयर्सच्या टोळीत) अर्धा तास भांडण, की याचं करायचं काय. लढाईपेक्षा तो अर्धा तास लोकांच्या जास्त लक्षात राहतो.

ट्रोलची ओळ तर सगळ्या जुन्या प्लेयर्सना पाठ आहे. दर टर्नच्या सुरुवातीला १० एचपी परत, आग किंवा अ‍ॅसिडचा मार बसला तर पुढच्या टर्नला ते बंद. नवीन लोकांना हे माहीत नसतं आणि डीएम तोंडाने सांगून मोकळा होतो, "त्याला दहा एचपी परत आले." असं नका करू प्लीज. असं सांगा: "तुझ्या तलवारीने खांद्यापासून छातीपर्यंत चीर पडली, काळं रक्त आलं, आणि तू तलवार मागे घेतोयस तोवर जखमेच्या दोन्ही कडा एकमेकींकडे सरकायला लागल्या." आकडा न सांगता टेबलला कळतं की काहीतरी भयंकर चाललंय. आगीची खूण मात्र आधीच पेरा, लढाईत नको. शेजारच्या गावात प्रत्येक दारापुढे रात्रभर मशाल जळते, एका गोठ्याच्या भिंतीवर पंज्याचे ओरखडे आहेत आणि बरोबर मशालीपाशी ते थांबलेत. आणि जखमा आपोआप भरतात म्हटल्यावर ट्रोल स्वतःला वाचवायला बघतच नाही, घाव खात सरळ मागच्या क्लेरिककडे (पार्टीच्या जखमा बऱ्या करणाऱ्याकडे) चालत जातो. कोणी मशाल पुढे केली की मात्र पहिल्यांदाच एक पाऊल मागे. त्या एका पावलासाठी टेबलवर आरडाओरडा होतो बघा.

जिलेटिनस क्यूब दहा फुटी कॉरिडॉर गच्च भरून टाकतो आणि तो पारदर्शक आहे, हलला नाही तर दिसायला परसेप्शनच्या (नजरेच्या) डाइसवर १५ लागतो. तेव्हा खूण काय, तर कॉरिडॉर विचित्र स्वच्छ, धूळ नाही, जाळी नाही, आणि पुढे एक तलवार हवेत तरंगतेय.

रस्ट मॉन्स्टर माझा लाडका. डी अँड डीच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने दुकानातली स्वस्त प्लास्टिकची खेळणी मिनिएचर म्हणून वापरली, त्यातून हा, आऊलबेअर आणि बुलेट (Bulette) हे मॉन्स्टर आले. म्हणजे हातात नुसता एक विचित्र आकार होता, तो लोखंड गंजवून खातो ही एक ओळ मिळाली आणि मॉन्स्टर पन्नास वर्षं टिकला! त्याला ३० फुटांवरून लोखंडाचा वास येतो, माणसांशी वैर नाही. चिलखतवाला पॅलाडिन दिसला की इतर सगळ्यांना सोडून त्याच्यामागे लागेल, कोणी लोखंडी खिळे फेकले तर थांबून ते खाईल. प्लेयरने असा खिळा फेकला तर रोल मागू नका, चाललं म्हणा.

आणि राक्षस. हो, मॅन्युअलमध्ये आहे, पण आपल्या डोक्यातला शिंगंवाला नाही, वाघाच्या तोंडाचा, भारी कपडे घालणारा, तळवे उलटे. मराठी टेबलवर नाव घेतलंत की सगळे लगेच अंदाज बांधणार, म्हणून नाव घेऊच नका. त्याच्याकडे हवं तितक्या वेळा वेषांतर आणि मनातलं वाचणं आहे, पण वेषांतर हा नुसता डोळ्यांचा भास, हात लावला की फसतो. समजा तो गावात सावकार बनून राहतोय, तर हा सावकार कोणाशीच शेकहँड करणार नाही, पैसे नेहमी टेबलवर ठेवून सरकवेल. हे दोन-तीन सेशन्स सहज सांगत राहा, मग एखादा प्लेयर मुद्दाम हात पुढे करेल.

ड्रॅगनबद्दल एकच. श्वासाचा हल्ला टर्नच्या सुरुवातीला डाइसवर ५ किंवा ६ आला की परत मिळतो. तो मिळाला आणि ड्रॅगनने या टर्नला वापरला नाही तर ते दाखवा, गळ्याखालचे खवले लाल व्हायला लागले म्हणा, म्हणजे लोकांना पांगायला वेळ मिळतो.

पुस्तकं महाग आहेत हे खरंय. पण २०२३ पासून एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट आहे, वरचे सगळे मॉन्स्टर त्यात सापडतील, फक्त बिहोल्डर आणि माइंड फ्लेयर हे दोन प्रसिद्ध मॉन्स्टर त्यात नाहीत.

ज्या टेबलला सगळं पाठ आहे तिथे आकडे तेच ठेवून फक्त ती ओळ बदला. ट्रोलच्या जखमा भरणं आगीने नाही तर मिठाने थांबतं, असं. पण मग खुणा किमान तीन ठिकाणी पेरा आणि नकाशात पळायला एक वाट नक्की ठेवा, कारण आग लावूनही तो पुढेच येतोय हे दिसलं की पार्टी पहिली दार शोधते.