सत्तरीतला सोल गीतकार आणि त्याचा स्वतःचा अल्बम: कागद, पट्टी, स्टुडिओ

सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारात गाणं लिहिणारा माणूस शब्दांबरोबर चालही बांधतो आणि गायकाला ऐकवायचा डेमो बहुतेकदा स्वतःच गातो. त्यामुळे ज्या ज्येष्ठ गीतकाराचा अल्बम करायचा असतो, तो माईकसमोर नवखा नसतो. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत गीतकारांनी गायलेले डेमो २०२३ मध्ये सात सीडींच्या संचात बाहेर आले. हे काम हाती घेणाऱ्या निर्मात्याने आधी त्यातले पंधरा-वीस तरी ऐकावेत. गाजलेला गायक सूर लांबवतो, तिथे लिहिणारा शब्द टाकून पुढे जातो. अल्बमला हाच आवाज हवा. गाजलेल्या रेकॉर्डची नक्कल करायला गेलात की बरोबरी मूळ गायकाशी होते आणि ती हरायचीच.

कागद आधी

गीतकार म्हणतो, ‘गाणं माझंच आहे, मला कोण विचारणार?’ पण साठ-सत्तरच्या दशकांतल्या बहुतेक गाण्यांचे हक्क प्रकाशन कंपन्यांकडे गेलेले असतात आणि मग लिहिणाराही कायद्याने इतर कुणाइतकाच परका ठरतो. प्रत्येक गाण्यासाठी एक ओळ असलेला तक्ता करा: सहगीतकार कोण, कुणाचा किती टक्के वाटा, आजचा प्रकाशक कोण, कॉपीराइटचं वर्ष कोणतं, आणि गाणं कधी बाजारात आलं होतं का.

शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे, हक्कदाराच्या संमतीने एकदा रेकॉर्ड होऊन विक्रीला आलेलं गाणं ठरलेला दर भरून कुणीही पुन्हा रेकॉर्ड करू शकतो. मांडणी आपल्या पद्धतीने करता येते, मूळ चाल आणि गाण्याचा स्वभाव मात्र बदलता येत नाही. जे गाणं कधीच बाहेर आलं नाही, त्याला ही सवलत नाही. म्हणजे ‘कुणी न ऐकलेलं जुनं गाणं’ हे अल्बमचं मोठं आकर्षण असेल, तर प्रकाशकाची लेखी परवानगी स्टुडिओची तारीख ठरवण्याआधी हातात हवी. जुन्या डेमोची टेपही बहुधा प्रकाशकाचीच असते. घरात पेटी भरून टेपा सापडल्या म्हणून त्यातला तुकडा अल्बममध्ये घालू नका. (भारतात नियम वेगळा आहे: मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यापासून पाच वर्षं उलटल्याशिवाय कव्हरसाठी कायदेशीर परवाना मिळत नाही.)

दुसरी गोष्ट हक्क परत मिळवण्याची. १९७८ पूर्वीच्या गाण्यांचे दिलेले हक्क कॉपीराइटच्या तारखेपासून ५६ वर्षं पूर्ण झाल्यावरच्या पाच वर्षांत काढून घेता येतात. १९७८ पासून लेखकाने स्वतः दिलेल्या हक्कांसाठी साधारण ३५ वर्षांचा हिशेब आहे. दोन्हीकडे नोटीस ठरलेल्या तारखेच्या किमान दोन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं आधी द्यावी लागते आणि तारीख उजाडण्याआधी ती कॉपीराइट कार्यालयात नोंदवावी लागते. १९७२ चं गाणं असेल, तर खिडकी २०२८ मध्ये उघडते आणि २०३३ मध्ये बंद होते. पगारी नोकर म्हणून लिहिलेल्या गाण्यांना हे लागू नाही आणि परिणाम फक्त अमेरिकेपुरता. या कामाला कॉपीराइटचाच वकील हवा. नोटीशीत तारखेची चूक झाली की ती फुकट जाऊ शकते.

तिसरा सापळा रेकॉर्ड कंपनीच्या करारात असतो. कलाकाराने स्वतः लिहिलेल्या गाण्यांना ठरलेल्या दराच्या ७५ टक्केच द्यायचे आणि तेही जास्तीत जास्त दहा गाण्यांचे, असं कलम नेहमीच्या मसुद्यात सापडतं. नुसत्या गायकाला त्याची झळ फारशी बसत नाही, गीतकाराला मात्र पुरती बसते. २०२५ चा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रत्येक प्रतीमागे १२.७ सेंट होता. दहा गाण्यांच्या एलपीमागे १ डॉलर २७ सेंट, ७५ टक्क्यांनी ९५ सेंट. शिवाय ज्या सहगीतकारांनी या करारावर सही केलेली नाही ते पूर्ण दर मागतात आणि मर्यादेवरचा फरक तुमच्या माणसाच्या हिश्श्यातून कापला जातो. हे कलम काढून घ्या, नाही जमलं तर आगाऊ रक्कम तरी वाढवून घ्या.

गाणी निवडताना

तीस गाण्यांची यादी करा, त्यातली चौदा तालमीला घ्या, बारा रेकॉर्ड करा, दहा ठेवा. स्वतःची गाजलेली गाणी दोन, फार तर तीन. सगळी तीच घेतली की अल्बम सत्कार समारंभासारखा वाटतो.

सगळी गाणी स्वतःचीच हवीत हा हट्टही नको. स्टॅक्सचे गीतकार आयझॅक हेज यांनी डेव्हिड पोर्टर यांच्यासोबत सॅम अँड डेव्ह या गायकजोडीसाठी हिट गाण्यांची रांग लावली होती, पण १९६९ च्या ज्या अल्बमने त्यांना कलाकार म्हणून उभं केलं, त्यातल्या चार गाण्यांपैकी तीन दुसऱ्यांची होती. ती त्यांनी इतकी संथ आणि लांब केली की त्यांचीच वाटावीत. दुसरं उदाहरण डॉन ब्रायंट यांचं. मेम्फिसच्याच हाय रेकॉर्ड्स या कंपनीत त्यांनी वर्षानुवर्षं इतरांसाठी लिहिलं. १९७३ मध्ये गाजलेलं अ‍ॅन पीबल्स या गायिकेचं पावसाचं गाणं ब्रायंट आणि पीबल्स या दोघांनी बर्नार्ड मिलर यांच्यासोबत लिहिलेलं. ब्रायंट यांचा स्वतःचा सोल अल्बम १९६९ मध्ये आला, त्यानंतरचा थेट २०१७ मध्ये. आणि तो सुरू होतो गायक ओ. व्ही. राइट यांनी गायलेल्या, दुसऱ्यांनी लिहिलेल्या गाण्याने. पहिल्या गाण्याने श्रोत्याला आवाजाची ओळख करून द्यायची असते, चरित्राची नाही.

पट्टी

सर्वांत जास्त चुका इथे होतात. जुनी पट्टी त्या काळच्या गायकासाठी ठरलेली होती, आणि डेमोवर गीतकार स्वतःही विशी-तिशीतला होता. पंचाहत्तरीत तीच पट्टी धरली, तर वरचा सूर एकदा लागतो, पाचव्यांदा लागत नाही.

पियानोवर बसून एक कडवं आणि ध्रुवपद गायला लावा, मग अर्ध्या अर्ध्या सुराने खाली या. चाळीस मिनिटं गाऊन झाल्यावर वरचा सूर सलग पाच वेळा न ताणता लागला पाहिजे. ती पट्टी तुमची. बहुतेक वेळा उत्तर तीन ते पाच अर्धसूर खाली मिळतं. फार खालीही नेऊ नका: सोलमध्ये वरच्या सुराला थोडी धडपड ऐकू यायलाच हवी, नाहीतर गाणं गप्पांसारखं होतं.

आता वाद्यांचं गणित. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन बी फ्लॅटची वाद्यं, म्हणजे कागदावरचा सी त्यांच्यावर बी फ्लॅट वाजतो. बी फ्लॅट (काळी पाच), ई फ्लॅट (काळी दोन), एफ (पांढरी चार) या पट्ट्या त्यांना सोप्या जातात. बी, म्हणजे पांढरी सात, घेतली तर ट्रम्पेटवाल्याला सात शार्प (चढे सूर) वाचावे लागतात आणि सूर डळमळतो. म्हणून ई फ्लॅटचं गाणं बी वर आणायची वेळ आली, तर अर्धा सूर आणखी उतरून बी फ्लॅट धरा, किंवा वर सी वर थांबा. नुसती पट्टी उतरवून जुनीच हॉर्नची (ट्रम्पेट-सॅक्सोफोनची) ओळ वाजवली की ती खाली जाऊन चिखल होतो. सुरांचा वर-खाली क्रम फिरवून वरचा आवाज ट्रम्पेटकडे द्या, ओळ पुन्हा लिहा. बेस गिटारचंही तसंच. ई मधलं गाणं डी वर आणलं की खालचा मूळ सूर चार तारांच्या बेसवर उरतच नाही. वादक तो एक सप्तक वर वाजवतो आणि गाण्याखालची जमीन सरकते. तार डी पर्यंत उतरवून घ्या, किंवा बेसची ओळ नव्याने बांधा.

लयही तपासा. साठच्या दशकातले सिंगल रेडिओसाठी तीन मिनिटांच्या आत बसवलेले असत, त्यामुळे काही गाणी गरजेपेक्षा चपळ आहेत. मिनिटाला चार-सहा ठोके कमी करून पाहा, शब्दांना जागा मिळते.

स्टुडिओत

वादक किमान पाच: ड्रम, बेस, गिटार, लेस्ली या फिरत्या स्पीकरसह हॅमंड ऑर्गन, पियानो किंवा वुर्लित्झर (इलेक्ट्रिक पियानो), आणि गायक त्यांच्यासोबत त्याच वेळी. हॉर्न आणि मागचे आवाज नंतर घेतले तरी चालतं. मागे गाणाऱ्या तिघांना एकाच माईकभोवती उभं करा. मेट्रोनोम फक्त लय ठरवायला वापरा, रेकॉर्ड करताना बंद. सोलचा दुसरा आणि चौथा ठोका किंचित मागे पडतो, ध्रुवपदात लय जराशी पुढे सरकते. मेट्रोनोमचा क्लिक हे दोन्ही मारतो.

गायकाची वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार. दिवसाला चार गाणी, एका गाण्याचे चार टेक (सलग गाऊन केलेली रेकॉर्डिंगं), त्यावर नाही. ज्येष्ठ आवाज दुसऱ्या-तिसऱ्या टेकला उघडतो आणि पाचव्यानंतर कोरडा पडतो. शब्दांचा कागद २० पॉइंटच्या अक्षरात, स्टँडवर कापड टाकून, म्हणजे त्यावरून आवाज परतत नाही. एक कान उघडा ठेवू द्या. वयाने वरचे सूर कमी ऐकू येतात, मग ते हेडफोन वाढवायला सांगतात आणि तो आवाज माईकमध्ये गळतो. आवाज वाढवण्यापेक्षा ड्रम आणि ऑर्गन कमी करून पियानो पुढे आणा.

रिबन माईक आठ ते दहा इंचांवर, ८० हर्ट्‌झखालचं कापून. कवळी असेल तर ‘स’ शिट्टीसारखा येतो. माईक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला वळवा, उरलेलं सहा ते आठ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात डी-एसरने (तीव्र ‘स’ दाबणाऱ्या साधनाने) धरा. कॉम्प्रेशन (आवाजातले चढ दाबणं) ३:१, तीन-चार डेसिबलच्या वर नको. टेपवर करणार असाल तर २५०० फुटांचं रीळ सेकंदाला १५ इंच वेगाने सुमारे ३३ मिनिटं पुरतं. चार गाण्यांचे चार चार टेक म्हणजे रोज दोन रिळं, आणि ती स्वस्त नाहीत.

टेक जोडताना शब्द शब्द निवडू नका. श्वास जुळत नाहीत आणि ते ऐकणाऱ्याला सांगता आलं नाही तरी खटकतं. पूर्ण कडवं एका टेकचं, पुढचं दुसऱ्याचं, एवढंच. पिच सुधारणा बंद ठेवा. सोलमधला गांधार कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी असतो, सॉफ्टवेअर त्याला ओढून एका बाजूला बसवतं. जुनाट वाटावं म्हणून वरून खरखर घालणं हा तर निव्वळ पोरखेळ.

एलपीची एक बाजू वीस मिनिटांच्या आत ठेवा. खोबण आत जाते तसा ‘स’ अधिक फाटतो, म्हणून बाजूचं शेवटचं गाणं शांत हवं. आपल्या माणसाच्या शिट्टीच्या ‘स’ला तर हा नियम दुप्पट लागू.

नोंदणी आणि रंगमंच

अमेरिकेत रेडिओ गीतकाराला पैसे देतो, गायकाला नाही. पण उपग्रह रेडिओ आणि इंटरनेट रेडिओचे पैसे साउंडएक्स्चेंज या वसुली संस्थेकडून येतात: ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५० टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, ५ टक्के साथीदारांच्या निधीला. बीएमआय किंवा अ‍ॅस्कॅप या गीतकारांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थांमध्ये आयुष्यभर नाव असलेल्या गीतकाराचं इथे नाव नसतं, कारण कधी गरजच पडली नव्हती. अल्बम येण्याआधी कलाकार म्हणून नोंद करा. मास्टर (मूळ रेकॉर्डिंगं) स्वतःचे असतील तर मालक म्हणून वेगळी. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षरी आयएसआरसी हा ओळख क्रमांक द्या.

कार्यक्रमांना अख्खा बँड परवडत नसेल, तर डॅन पेन आणि स्पूनर ओल्डहॅम या गीतकार जोडीचा नमुना समोर आहे: एक गिटार, एक वुर्लित्झर, दोन आवाज. त्यांचा असा थेट अल्बम १९९९ मध्ये आला. गाजलेली गाणी इथे मोकळेपणाने गा, लोक त्यासाठीच येतात. गाण्यामागची हकीकत दीड मिनिटाच्या आत संपवायची, आणि प्रत्येक गाण्याची पट्टी स्टुडिओत ठरली त्याहून अर्धा सूर खाली, कारण प्रवासानंतर आवाज तेवढा उतरलेला असतो.