नळ बदलायला बसण्याआधी, आणि त्याच्याही आठवडाभर आधी

बाथरूमचा नळ बदलणं हे वीस मिनिटांचं काम आहे, असं मी घरात जाहीर केलं होतं. पहिली चार मिनिटं ठरल्याप्रमाणे गेली. पाचव्या मिनिटाला जुना नळ माझ्या हातात होता आणि भिंतीतून निघालेली धार समोरच्या दारावर आपटत होती. ज्या कॉकच्या भरवशावर नळ काढला, तो बंद झालेलाच नव्हता. म्हणून ही यादी. पाना, टेप वगैरे येईल पुढे. पहिलं कलम एकच: पाणी ज्या कॉकनं बंद करणार आहात तो खरंच बंद होतो का, हे आधी बघा.

आधी म्हणजे आठवडाभर आधी, त्याच दिवशी सकाळी नव्हे. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला कॉक फिरवला की तो एक तर नीट बंद होतो, नाही तर अर्धवट बंद होतो, नाही तर दांडीपाशीच गळायला लागतो. पहिलं झालं तर उत्तम. दांडीपाशी गळत असेल तर कधीकधी वरचा पॅकिंगचा नट जरा आवळून भागतं. अर्धवट बंद होत असेल तर मात्र कॉकच बदलायचा, आणि ते नळापेक्षा मोठं काम आहे. त्याला हाताशी दिवस हवेत, दुकान उघडं हवं, प्लंबर मोकळा हवा. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी यातलं काहीच नसतं. मी सुट्टीच्या दिवशी संध्याकाळीच बसलो होतो.

कॉक फिरला म्हणजे बंद झाला असं नाही. जुन्या, गोल चाकाच्या गेट व्हॉल्व्हमध्ये पाचरीसारखा एक पडदा खाली-वर होतो. तो जिथे टेकतो तिथे क्षार साचले की पडदा शेवटपर्यंत बसत नाही. चाक मात्र घट्ट लागतं आणि हाताला वाटतं, झालं बंद. कधी पडदा दांडीपासून सुटलेला असतो. मग वर चाक गरगर फिरतं आणि आत काही हलत नाही. बॉल व्हॉल्व्ह असेल तर निदान डोळ्यांना दिसतं: दांडा पाइपाला आडवा असला की बंद, पाइपाच्या रेषेत असला की चालू. पण तोही वर्षानुवर्षं न फिरवता ठेवला तर अडकतो. अडकलेल्या कॉकवर पाना लावून लटकू नका. तुटला तर नळ राहिला बाजूला, घरभर पाणी नाही अशी अवस्था.

तपासायचं कसं? कॉक बंद करा, त्याच लाइनीवरचा दुसरा, शक्यतो सर्वांत खालचा नळ पूर्ण उघडा आणि वाट बघा. 'दुसरा' हा शब्द मी उगाच लिहिलेला नाही. माझा नळ बदलायचाच मुळी यासाठी होता की त्याची जाळी आणि आतला भाग क्षारांनी गच्च भरला होता. महिनाभर बारीक धारच येत होती. मी कॉक बंद केला, तोच नळ उघडला, धार आणखी थोडी बारीक झाली. म्हटलं, पाइपात उरलेलं पाणी असेल. उरलेलं कसलं, कॉकमधून भरपूर पाणी येत होतं आणि तो बिचारा चोंदलेला नळच ते अडवून बसला होता. मी अडथळाच काढून घेतला. तेव्हा ज्या नळाची तक्रार आहे, त्याचीच साक्ष काढू नका.

पाइपातलं पाणी निथळायला वेळ लागतो. खाली बादली ठेवा आणि दहा मिनिटांनी या. पाणी थांबलेलं असेल तर कॉक पास. एखाददुसरा थेंब पडत असेल तरी काम करता येतं. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसभरात साधारण २० लिटर होतात, म्हणजे अर्ध्या तासाला अर्धा लिटरसुद्धा नाही. पण अखंड धार येत असेल, कितीही बारीक असो, तर नळाला हात लावायचा नाही. विषय संपला.

याच्याच पोटातलं दुसरं काम म्हणजे कोणता कॉक कशाचा ते शोधून त्यावर चिठ्ठी बांधणं. बाथरूमचा कॉक दगा देतो हे कळल्यावर मी मूळ कॉककडे धावलो, तर तिथे एका ओळीत चार, आणि चारही सारखेच. पहिला बंद केला तर स्वयंपाकघराचं पाणी गेलं. दुसऱ्यानं काहीच झालं नाही. तिसऱ्याचं चाक गरगर फिरलं. तोवर खाली बायकोनं भिंतीतल्या भोकावर पायपुसणं दाबून धरलं होतं आणि पाणी बाथरूमचा उंबरा ओलांडून खोलीत शिरलं होतं. शेवटी जुनाच नळ कसाबसा परत आट्यांत बसवला, डोळ्यांवर पाणी उडत असताना, चाचपडत. कपाटाची तळफळी फुगली ती फुगलीच. तर चिठ्ठ्या: पुसल्या जाणार नाहीत अशा शाईनं लिहा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ते कॉक प्रत्यक्ष फिरवायला लावा. नुसतं 'तो डावीकडचा' असं सांगून भागत नाही, डावीकडचा म्हणजे कुठे उभं राहून?

गिझर असेल तर कॉकला हात लावायच्या आधी त्याचं बटण बंद. पाणी तोडलेलं आणि गिझर चालू, हे होऊ देऊ नका. टाकी रिकामी झाली की आतली कॉइल जळते. आदल्या रात्रीपासूनच बंद ठेवा, म्हणजे पाणीही निवेल. मिक्सर बदलत असाल तर लाइनी दोन, गार आणि गरम. गार बंद केली म्हणून गरम बंद झाली असं समजू नका. दोन्ही बाजू वेगवेगळ्या उघडून बघा. कॉकचीच गोष्ट आहे पुन्हा, हो.

आता माप. नवा नळ आणायला जाताना जुन्याचा फोटो न्या, समोरून आणि बाजूनं. 'अर्धा इंची' नळाच्या आट्यांवर पट्टी लावून गोंधळू नका. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, पण त्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिलिमीटर भरतो. ते फक्त नाव आहे, माप नाही. भिंतीतल्या मिक्सरच्या दोन भोकांमध्ये बहुतेक ठिकाणी १५० मिलिमीटर अंतर असतं, तरी मोजा. टाइल्सवर पुन्हा टाइल्स बसवलेल्या असतील तर भिंतीतला सॉकेट खोल जातो आणि नळाचे आटे तिथवर पोचत नाहीत, मग एक्स्टेन्शन निप्पल, म्हणजे मध्ये बसवायचा आट्यांचा जोडतुकडा, लागतं. पेन्सिल आत घालून खोली बघा. आणि निप्पल आणायचंच तर एक लांब, एक आखूड असं आणा, म्हणजे परत धावायला नको.

जुना नळ सहज निघत नसेल तर आदल्या रात्री सांध्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पांढरा थर दिसत असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवा, क्षार विरघळतात. हिसके देऊ नका. जुनं पितळ ठिसूळ झालेलं असतं, निप्पल आतल्या आत तुटतं आणि तुकडा भिंतीत राहतो. तो काढायला वेगळं हत्यार लागतं. ते घरी नसेल आणि कॉकही धड नसेल, तर काय होतं ते वर सांगितलं आहे.

टेफ्लॉन टेप. नळाच्या आट्यांचं टोक स्वतःकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळायचं. उलटं गुंडाळलं तर नळ फिरवताना टेप सुटून गोळा होते. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे तुकडे पाण्याबरोबर आत जातात. पातळ टेप असेल तर वेढे जास्त. रबरी वॉशरच्या जोडपाइपाला टेप लावायची नसते, तिथे पाणी वॉशर अडवतो. हातानं घट्ट करून पान्यानं पाव वळसा, पुरे. जोर करणाऱ्यांचेच वॉशर फाटतात.

बाकी किरकोळ: पाना, फडकी, बादली, विजेरी. सांडपाण्याच्या जाळीवर कापड टाका, स्क्रू हमखास तिथेच जातात. नळाचं क्रोम पान्यानं खरवडतं, मध्ये कापड धरा.

आणि नळ काढायच्या आदल्या क्षणी, आठवडाभरापूर्वी बघितलेला असला तरी, कॉक बंद करून दुसऱ्या नळावर पुन्हा एकदा बघा. आठवड्यात कुणीतरी तो फिरवलेला असू शकतो.

जुना नळ निघाल्यावर खाली बादली धरून कुणाला तरी कॉक क्षणभर उघडायला सांगा, पाइपातला कचरा बाहेर येऊ द्या. हे टाळलं तर वाळूचा कण नव्या नळाच्या सिरॅमिक चकत्यांत जातो आणि नळ पहिल्या आठवड्यातच गळतो. मग नळ बसवा, सरळ उभा राहील इतकाच, उलटा फिरवून नीट करू नका, टेप सैल पडते. कॉक हळूहळू उघडा. जाळी काढून थोडं पाणी सोडा. सांध्यावरून कोरडा कागद फिरवा, खाली वर्तमानपत्र टाका, सकाळी बघा. गिझरचं बटण मात्र गरमच्या नळातून अखंड पाणी यायला लागल्यावरच. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर पाव वळसा मागे घेऊन ठेवा, तो अडकत नाही. माझा तिसरा कॉक अजून बदलायचाय.