रजईची खोळ: माप, कापड, शिलाई आणि धुलाई

डिसेंबरात निफाडचा पारा 10 अंशांखाली गेल्याच्या बातम्या यायला लागल्या, की नाशिकमध्येही माळ्यावरच्या रजया खाली येतात. कापसाची रजई पाण्यात घालता येत नाही. भिजली की कापूस गोळे धरतो आणि आतून लवकर वाळत नाही. म्हणजे घाम, केसांचं तेल, धूळ हे सगळं खोळीनेच झेलायचं. त्यामुळे आधी एवढंच पाहावं, की खोळ सहज काढता-घालता येते का. जी चढवताना दमछाक होते, ती महिनोन्‌महिने धुतली जात नाही.

पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली रजई ठरावीक मापाची क्वचितच असते. ती जमिनीवर पसरून लांबी-रुंदी दोन्ही कडांना आणि मध्यात मोजा, त्यातलं मोठं माप धरा. खोळ लांबीत आणि रुंदीत प्रत्येकी 2 इंच मोठी हवी. याहून सैल असली तर रजई आत घसरून एका कोपऱ्यात गोळा होते. तंग झाली तर कापूस दबतो. ऊब कापसात अडकलेल्या हवेची असते, दाबल्यावर ती हवाच कमी होते.

मेन रोड किंवा रविवार कारंज्याच्या दुकानांत कापड घेताना साधं सुती मागा. 200 ते 300 थ्रेड काउंट (एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे) पुरेसा आहे. 800-1000चे आकडे बरेचदा एकाच सुताचे पदर वेगवेगळे मोजून आलेले असतात, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. पॉलिस्टर मायक्रोफायबर लवकर वाळतं, पण घाम शोषत नाही आणि थंडीच्या कोरड्या हवेत अंगाला चिकटतं. गडद रंग असेल तर ओला पांढरा रुमाल घासून पाहा.

60 × 90 इंचांच्या रजईला किमान 68 इंच पन्ह्याचं सव्वापाच मीटर कापड लागतं. यात 5 टक्के आटणं धरलेलं आहे. कोरं कापड, विशेषतः यंत्रमागावरचं, आधी रात्रभर भिजवून वाळवल्याशिवाय शिवायला देऊ नका, कारण त्यातली खळ निघून ते पहिल्याच धुण्यात आटतं. शिंप्याला तीन गोष्टी सांगा: पायथ्याला 40 इंचांचं तोंड, दर 6-7 इंचांवर टिचबटण, आणि आतून चारही कोपऱ्यांना 8 इंचांच्या नाड्या. रजईच्या कोपऱ्यांना फास शिवून घ्या. स्वस्त चेन नको, ती धुण्यात अडकते आणि झोपेत पायाला टोचते.

खोळ चढवताना असं करा:

1. खोळ उलटी करून पलंगावर पसरा, तोंड पायथ्याशी. वर रजई कडेला कड लावून ठेवा.
2. उशाकडचे दोन कोपरे नाड्यांनी बांधा.
3. उशाकडून दोन्ही थर एकत्र, घट्ट गुंडाळत पायथ्यापर्यंत या.
4. तोंडाची कड गुंडाळीवरून पलीकडे उलटवा. गुंडाळीची टोकं आत गेली पाहिजेत.
5. पायथ्याचे कोपरे बांधा, बटणं लावा आणि उशाकडे उलगडत जा.

थंडीत दर पंधरा दिवसांनी खोळ धुवा. उलटी करून, बटणं लावूनच मशीनमध्ये टाका. उघड्या खोळीत मोजे-रुमाल शिरून बसतात, सगळ्याचा ओला गोळा होतो आणि पिळताना मशीन हादरतं. ड्रम अर्धाच भरा. साबण जास्त घातल्याने कापड जास्त स्वच्छ होत नाही. बोअरच्या जड पाण्यात तर ते कडक होतं. त्यावर शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालावं, मात्र ब्लीचसोबत कधीही नाही, त्यातून विषारी वायू निघतो. हळदीचा डाग साबणाने लाल झाला तर घाबरू नका. धुऊन कडक उन्हात टाका, तो फिका पडतो. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो हा समज मात्र सोडून द्या. सुरुवातीला दोन-तीनदा वेगळी धुणं हाच उपाय. खोळ वाळतेय तोवर रजईलाही दुपारचं दोन-तीन तास ऊन दाखवा.

फेब्रुवारीअखेर खोळ ठेवून देताना खळ घालू नका, तिच्यावर कसर येते. पूर्ण वाळवून जुन्या सुती चादरीत गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडून पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते धुऊनही सहसा जात नाहीत.